मोबाईलवर आलेली तक्रार आवक नोंदवहीत : ग्रामपंचायती आणि तालुका कार्यालयांसाठी समाजमाध्यमांची कार्यपद्धती

मागच्या उन्हाळ्यात खानदेशातील एका नगरपालिकेच्या फेसबुक पानावर स्वच्छतेची शपथ घेतानाचे छायाचित्र आले. रांगेत उभे अधिकारी, पुढे केलेले हात, मागे फलक. छायाचित्राखाली नऊ जणांनी नऊ तऱ्हांनी एकच प्रश्न विचारला होता आणि त्यांपैकी एकाने तो सरळ अहिराणीत विचारला होता : "नयले पानी कव्हय येई?" (नळाला पाणी केव्हा येईल?) एकालाही उत्तर मिळाले नाही. तिसऱ्या दिवशी त्याच पानावर कोणाच्या तरी सत्काराचे छायाचित्र आले आणि ते नऊ प्रश्न खाली सरकले.

कार्यालये समाजमाध्यमाकडे दर्शनी फलक म्हणून पाहतात आणि लोक त्याच जागेला टपाल देण्याची खिडकी समजतात, सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. माझे मत असे की याबाबतीत लोकांचे बरोबर आहे. जिथे माणूस लिहू शकतो तिथे त्याने लिहिलेले टपालच असते, आणि टपालाचे काय करायचे हे आपल्या कार्यालयांना शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. पुढची कार्यपद्धती त्याच एका धाग्यावर बेतलेली असून ती लिहिताना जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

आधी खिडकीजवळ बसा

शासकीय संस्थांनी समाजमाध्यमे कशी वापरावीत यासंबंधी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान विभागाने २०१२ मध्येच मार्गदर्शक तत्त्वे काढली होती. त्यांचा गाभा साधा आहे : आधी उद्देश ठरवा, मग माध्यम निवडा आणि उत्तर किती वेळात देणार ते जाहीर करा. प्रत्यक्षात क्रम उलटा चालतो. आधी पान उघडले जाते, त्याचे उद्घाटनही होते आणि मग तिथे काय टाकायचे याचा शोध सुरू होतो.

उद्देश ठरवण्यासाठी सल्लागार नेमण्याची गरज नाही. पंधरा दिवस कार्यालयाच्या खिडकीजवळ एक वही ठेवावी आणि आलेल्या प्रत्येक माणसाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावा. पंधरा दिवसांनी वही उघडली की तीन-चार प्रश्नच पुन्हा पुन्हा आलेले दिसतात. शहरात बहुधा पाण्याचे आवर्तन पहिल्या क्रमांकावर असते, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात हवामान आधारित फळपीक विम्याचे पैसे, तर नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत रेशन, जातीचा दाखला आणि वनहक्क दावा. यांतला एकच प्रश्न निवडून सुरुवात करावी.

समजा तो पाण्याचा आहे. मग रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी प्रभागनिहाय एक ओळ टाकावी : उद्या कोणत्या भागात, कोणत्या वेळेत पाणी येणार. पंप जळाला तर तेही लिहावे, आणि पुढची माहिती केव्हा कळवणार ती वेळ लिहावी. त्या वेळेला सांगण्यासारखे काही नसले तरी "दुरुस्ती अजून सुरू आहे, पुढची माहिती रात्री ८ वाजता" एवढे कळवावेच. महिनाभर हे चुकवले नाही, की लोक कार्यालयाच्या संदेशांवर विश्वास ठेवू लागतात आणि मग ग्रामसभेची सूचनाही वाचली जाते. याउलट पहिल्याच दिवसापासून जयंत्या, पुण्यतिथ्या आणि शुभेच्छांचे फलक टाकायला लागलात, तर आठवडाभरात लोक सूचनांचा आवाज बंद करून ठेवतात आणि पुराचा इशाराही त्याच शांततेत जातो.

नंबर कोणाचा?

गावपातळीवर व्हॉट्सॲपशिवाय पर्याय नाही, ही वस्तुस्थिती आहे. मात्र ग्रुप की चॅनेल, याचा निर्णय विचार करून घ्यावा. ग्रुपमध्ये १,०२४ सदस्य बसतात, पण प्रत्येकाचा मोबाईल क्रमांक इतर सर्वांना दिसतो, आणि गावातल्या अनेक स्त्रिया अशा ग्रुपमध्ये यायला नाखूश असतात त्याचे एक कारण हेच आहे. भारतात सप्टेंबर २०२३ पासून उपलब्ध झालेल्या चॅनेलमध्ये वाचणाऱ्याचा क्रमांक इतर वाचकांना दिसत नाही, पण तिथे लोकांना लिहिता येत नाही. म्हणून सूचनांसाठी चॅनेल आणि तक्रारींसाठी व्हॉट्सॲप बिझनेसचा एक स्वतंत्र क्रमांक, अशी जोडी मला सर्वांत सोयीची वाटते. ग्रुप करायचाच असेल तर फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतील अशी मांडणी करावी आणि लोकांना परस्पर त्यात ओढू नये. दुवा द्यावा, ज्याला यायचे तो येईल.

आता या क्रमांकाची मालकी. मी ज्या एका तालुक्यात प्रशिक्षणासाठी जात असे, तिथल्या एका कार्यालयाचे फेसबुक पान आणि व्हॉट्सॲप ग्रुप दोन्ही एका कनिष्ठ लिपिकाच्या खासगी क्रमांकावर उघडलेले होते. मुलगा हुशार होता, काम चोख करी. त्याची बदली झाली. नव्या माणसाने दप्तर ताब्यात घेतले, कपाटाच्या किल्ल्या मोजून घेतल्या, शिक्के घेतले, पण पासवर्ड मागायचे कोणाला सुचले नाही. पुढे त्या लिपिकाने सिमकार्ड बदलले आणि पान उघडणेच बंद झाले. नवे पान काढावे लागले. आजही त्या गावाचे नाव शोधले की जुने पान आधी दिसते, आणि त्यावर केव्हाच संपलेल्या एका शिबिराची सूचना तशीच झळकत असते.

यावर उपाय कागदाचाच आहे. सिमकार्ड कार्यालयाच्या नावाने घ्यावे, खाते कार्यालयाच्या ईमेलवर उघडावे, दुहेरी पडताळणीचा पिन बंद लिफाफ्यात कार्यालयप्रमुखाच्या कपाटात ठेवावा आणि प्रभार हस्तांतरणाच्या यादीत शिक्के व किल्ल्यांच्या खालोखाल "समाजमाध्यम खाती" असा रकाना घालावा. पानाचा ताबा एकाच व्यक्तीकडे न ठेवता किमान दोघांकडे ठेवावा. वैयक्तिक खाते आणि कार्यालयाचे खाते यांची सरमिसळ तर कधीच करू नये. कर्मचाऱ्याने रात्री घरी बसून व्यक्त केलेले मत दुसऱ्या दिवशी "कार्यालय असे म्हणते" म्हणून फिरू लागते, आणि ते निस्तरताना त्याची व कार्यालयाची सारखीच दमछाक होते.

आवक क्रमांक

हा या कार्यपद्धतीचा कणा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कार्यालयात कागदी अर्ज आला की त्यावर आवक शिक्का बसतो, नोंदवहीत क्रमांक पडतो, संबंधित टेबलाकडे तो जातो आणि अर्जदाराला पोच मिळते. मोबाईलवर आलेल्या तक्रारीला मात्र "बघतो" असे म्हणून सोडून दिले जाते, किंवा हात जोडल्याचे चिन्ह पाठवले जाते. तसे न करता त्याच आवक नोंदवहीत, त्याच क्रमाने, मोबाईलवरच्या तक्रारीचीही नोंद करावी. वेगळी नोंदवही काढू नये, कारण वेगळी वही म्हणजे कमी महत्त्वाची वही, असा अर्थ कार्यालयात आपोआप लावला जातो. नोंदीत दिनांक, माध्यम, तक्रारदाराचे नाव, थोडक्यात विषय, कोणाकडे दिली आणि उत्तर केव्हा गेले, एवढे रकाने पुरतात.

पोच अशी द्यावी : "आपली तक्रार मिळाली. आवक क्र. २१४. विषय : अंगणवाडीजवळील हातपंप बंद. दुरुस्ती पथकाकडे दिली आहे. शुक्रवारपर्यंत कळवतो." व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ठरलेली उत्तरे साठवून ठेवता येतात, त्यामुळे यातला क्रमांक, विषय आणि वार एवढेच बदलावे लागते. नवी, प्रलंबित, निकाली अशी लेबलेही लावता येतात. कार्यालय बंद असताना जाणारा स्वयंचलित संदेशही असाच कामाचा असावा : "कार्यालय सकाळी उघडेल, तातडीच्या प्रसंगी ११२ वर फोन करावा" एवढा मजकूर पुरे.

शुक्रवार आला आणि हातपंप दुरुस्त झाला नसेल तर काय? तर तसे लिहावे. सुटा भाग आला नाही, पुढील मंगळवारी येणार आहे, तोपर्यंत अमुक ठिकाणचे पाणी वापरावे. अधिकाऱ्यांना ही कबुली देण्याचा संकोच वाटतो, पण माझ्या अनुभवात लोक उशीर समजून घेतात, मौन समजून घेत नाहीत. उत्तर जिथे प्रश्न आला तिथेच द्यावे. जाहीर पानावर विचारलेल्या प्रश्नाला जाहीर उत्तर दिले, की तोच प्रश्न मनात असलेल्या इतरांचेही समाधान होते.

काही मागण्या मात्र इथे निकाली निघत नाहीत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित झालेल्या सेवांसाठी अर्ज रीतसर "आपले सरकार" संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्रातच व्हायला हवा, कारण तिथे अर्ज झाला तरच मुदत मोजली जाते आणि मुदत टळल्यावर अपील करता येते. दाखला मागणाऱ्याला व्हॉट्सॲपवर "करून देतो" असे सांगणे म्हणजे त्याचा अपिलाचा हक्क नकळत काढून घेणे होय. त्याला त्या सेवेची मुदत, पदनिर्देशित अधिकाऱ्याचे पदनाम आणि अर्जाची जागा सांगावी.

टीकेचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणात येतो. टीका पुसू नये. शिवीगाळ, कोणाची खासगी माहिती किंवा जातीय विद्वेष असेल तर मजकूर हटवावा, पण हटवण्याआधी त्याचे छायाचित्र जपून ठेवावे आणि का हटवला ते लिहावे. "ग्रामपंचायत झोपली आहे का?" ही शिवी नव्हे.

संदेश लिहिताना

हतनूर धरणाचे उदाहरण घेऊ. या धरणाच्या वरच्या बाजूला चांगदेव येथे तापी आणि पूर्णा यांचा संगम होतो. तापीचे पाणी बऱ्हाणपूरकडून येते आणि पूर्णेचे विदर्भातून, त्यामुळे जळगाव जिल्ह्यात ऊन पडलेले असतानाही धरणाचे दरवाजे उघडावे लागतात. आकाश निरभ्र असताना पूर येणार, हे खालच्या गावातल्या माणसाला खरे वाटत नाही. म्हणूनच इथे संदेशाची भाषा जिवावर बेतू शकते.

नेहमीचा संदेश साधारण असा असतो : "हतनूर धरणाच्या पाणलोट क्षेत्रात झालेल्या पर्जन्यवृष्टीमुळे नदीपात्रात मोठ्या प्रमाणावर क्युसेक विसर्ग सोडण्यात येत असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्कता बाळगावी." हा मजकूर एका कार्यालयाने दुसऱ्या कार्यालयाला लिहिण्यासाठी ठीक आहे. क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, हे अभियंत्याला माहीत असते. नदीत मोटार टाकलेल्या शेतकऱ्याला त्यावरून पाणी आपल्या बांधापर्यंत येणार की नाही, ते कळत नाही. आणि सतर्कता बाळगणे म्हणजे नेमके काय करणे?

गावासाठी तोच संदेश असा लिहावा : "आज दुपारी ३ वाजता हतनूरचे दरवाजे उघडले आहेत. आपल्या गावाजवळ तापीचे पाणी रात्रीपर्यंत वाढेल. पात्रातील मोटारी आत्ताच काढून घ्या. गुरे नदीकडे सोडू नका. फरशी पुलावर पाणी असेल तर तो ओलांडू नका. पुढची माहिती संध्याकाळी ६ वाजता. ग्रामपंचायत कार्यालय, दिनांक, वेळ." पाणी गावापर्यंत पोहोचण्याचा अंदाज पाटबंधारे विभागाकडून विचारून घ्यावा, मनाने लिहू नये. दिनांक आणि वेळ मजकुरातच टाकावी, कारण पुढच्या वर्षी हाच संदेश कोणीतरी पुन्हा फिरवतो आणि निष्कारण धावपळ होते.

संदेश टंकलेल्या मजकुराच्या रूपात द्यावा. पत्राचे तिरपे काढलेले छायाचित्र टाकण्याची सवय सोडावी, कारण अंध व्यक्तीच्या मोबाईलमधील वाचक ते वाचू शकत नाही, त्यातला मजकूर शोधता येत नाही आणि म्हाताऱ्या माणसाला तर ते दिसतच नाही. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टंकलेल्या फायलीही मोबाईलवर अगम्य होतात. सोबत चाळीस-पन्नास सेकंदांचा ध्वनिसंदेश जोडावा. धुळे-जळगावच्या गावांत तो अहिराणीत, सातपुड्यात भिली किंवा पावरीत, आणि शक्यतो गावाला ओळखीच्या आवाजात : आशाताई, पोलीस पाटील, शाळेचे गुरुजी. लेखी प्रमाण मराठी आणि बोली आवाज, अशी ही जोडी असावी. बोलीतली लेखी सूचना वाचताना लोक अडखळतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

अफवेच्या आधी

१ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. ते सोलापूर जिल्ह्यातून आलेले, भिक्षा मागून जगणारे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. त्यांना ज्या खोलीत कोंडून मारले ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयाची होती. देशभरातील अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यावर बंधन आणले. बंधनाने वेग कमी होतो, पण गावात पाच ग्रुप पुरेसे असतात.

अफवा आल्यावर खाते उघडून उपयोग नसतो, तोवर त्या क्रमांकाची लोकांना ओळख हवी. पाण्याच्या आवर्तनाचा रोजचा कंटाळवाणा संदेश याचसाठी महत्त्वाचा. अफवा कानावर आली की आधी पोलीस ठाण्यात फोन करून खातरजमा करावी आणि मग एकच संदेश द्यावा : काय पसरवले जात आहे, खरे काय आहे, आणि संशय आला तर स्वतः काही न करता ११२ वर फोन करावा. मूळ चित्रफीत "ही खोटी आहे" असे लिहूनही पुन्हा टाकू नये, कारण पुढे फक्त चित्रफीत जाते, आपली ओळ मागे राहते. आणखी एक गोष्ट गावपातळीवर सहज करता येते. बहुरूपी, डवरी, फेरीवाले गावात मुक्कामाला आले की पोलीस पाटलाकडे त्यांची नोंद होते. त्यांच्या संमतीने, नावे व छायाचित्रे न देता, "अमुक मंडळी गावात आली आहेत, नोंद झाली आहे" एवढे ग्रामपंचायतीने कळवावे.

जिथे रेंज नाही

अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंज मिळवायला टेकडीवर जावे लागते, आणि टेकडीवर कोणी सरकारी सूचना वाचायला जात नाही. तिथे धडगाव किंवा मोलगीचा बाजार हेच मोठे समाजमाध्यम आहे. संदेश बाजाराच्या आदल्या रात्री पाठवावा, म्हणजे बाजारात पोहोचताच मोबाईलवर तो उतरतो. त्याच मजकुराचा कागद रेशन दुकानावर आणि आश्रमशाळेच्या फळ्यावर लावावा. दवंडी, मंदिराचा भोंगा, घंटागाडीचा कर्णा यांना कमी लेखू नये. मोबाईल त्यांच्या जोडीला आहे.

दुसरीकडे, ऊसतोडीसाठी दिवाळीनंतर गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांसाठी मात्र मोबाईल हाच एकमेव दुवा उरतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला ही माणसे गावात नसतात. त्यांच्या मुकादमाऐवजी थेट त्यांच्याच क्रमांकावर संदेश जावा म्हणून निघण्यापूर्वी क्रमांक घेऊन ठेवावेत.

ग्रामसभा

ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी द्यावी लागते. विषयपत्रिका त्याच दिवशी मोबाईलवरही द्यावी आणि विषय सुचवण्यासाठी दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत. आलेल्या सूचना सभेत वाचून दाखवाव्यात. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्या पंचायतीच्या विकास आराखड्याची आणि खर्चाची माहिती असते. ती नुसत्या दुव्याने न देता, "गटार, बौद्धवाडी, एवढी रक्कम मंजूर, एवढी खर्च" अशा चार ओळींत काढून द्यावी. सभा झाल्यावर ठराव आठवडाभरात टाकावेत. गणपूर्ती मात्र प्रत्यक्ष उपस्थितीनेच होते, म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ग्रुपवर दाखवलेला अंगठा हजेरीपत्रकावरची सही ठरत नाही.

सभेच्या थेट प्रक्षेपणाबाबत मी साशंक आहे. कॅमेरा लागला की पुढारी लांब बोलतात आणि बायका बोलायच्या थांबतात. महिला ग्रामसभेत तर तो नकोच.

काय टाकू नये

देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली गावात दिले गेले. त्याच खानदेशात आज लाभार्थी याद्या आधार आणि बँक खाते क्रमांकांसह ग्रुपवर सर्रास फिरतात. आधार क्रमांक जाहीर करण्यास २०१६ च्या आधार कायद्याने मनाई आहे. यादी द्यायचीच असेल तर नाव आणि अर्ज क्रमांक पुरेसा आहे. रुग्णांची, मुलांची आणि मदत स्वीकारणाऱ्यांची छायाचित्रे संमतीशिवाय टाकू नयेत. किराणा किट हातात घेऊन उभ्या राहिलेल्या विधवेचा चेहरा कोणत्याही अहवालासाठी आवश्यक नसतो. कार्यालयाच्या नावाने ओटीपी किंवा पैसे मागणारा संदेश फिरू लागल्यास तसे लगेच जाहीर करावे आणि फसलेल्यांना १९३० हा क्रमांक द्यावा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की पानावरची पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे काढावीत आणि नव्या घोषणा थांबवाव्यात. पाणी, आरोग्य आणि आपत्तीच्या सूचना मात्र चालू ठेवाव्यात.

महिनाअखेरीस लाईक आणि फॉलोअर मोजण्यात वेळ घालवू नये. आवक नोंदवही उघडून चार आकडे काढावेत : मोबाईलवरून किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती प्रलंबित आहेत आणि सर्वांत जुनी प्रलंबित तक्रार किती दिवसांची आहे. हे चार आकडे चॅनेलवर टाकावेत, चावडीच्या फळ्यावर खडूने लिहावेत, आणि ती सर्वांत जुनी तक्रार, तक्रारदाराची हरकत नसेल तर, पुढच्या ग्रामसभेत सरपंचांनी पहिल्या विषयाच्या आधी वाचून दाखवावी.